माझ्या हातावरचा नारळ

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पनवेलला एका कॉलेजात सायकॉलॉजी शिकवतो, त्यातही रिसर्च मेथड्स. म्हणजे वर्षभर पोरांच्या डोक्यात एकच गोष्ट कोंबायची - "मला जाणवलं" हा पुरावा नसतो. इथले किस्से वाचून मी हसलोय, कमेंटमध्ये वाकडं बोललोही आहे. आता माझ्यावर हसा, हरकत नाही.

उलव्यात तेव्हा नुकतीच बांधकामं सुरू झाली होती. माझा मोठा भाऊ सुधीरदादा तेव्हा दोन वर्षांपासून बेपत्ता होता. दुपारी जेवून बाहेर पडला तो परत आलाच नाही. बाइक पनवेल स्टेशनच्या स्टँडवर सापडली, म्हणून सगळे धरून चालले की गाडी पकडून कुठेतरी निघून गेला. घरात आई, वहिनी आणि मी. वहिनीला भगताकडे जायचं होतं, शेजारीपाजारी रोज नवा पत्ता द्यायचे. मी जाऊ दिलं नाही. भगत तुझ्याच तोंडून काढून घेऊन तुलाच सांगतो, हे तिला बसवून समजावलं. वहिनी हुशार बाई, तिला पटलं. पुढे तीच इतर बायकांना समजवायला लागली, आणि मला तिचा फार अभिमान वाटायचा.

त्या वर्षी स्नेहल नावाच्या माझ्या विद्यार्थिनीने प्रोजेक्टला पाणाड्याचा विषय घेतला. पाणाडी तळहातावर नारळ आडवा ठेवून जमिनीवरून चालतो... खाली पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो म्हणे. उलव्याला तिच्या मामांनी नुकताच घेतलेला मोकळा प्लॉट होता आणि त्यांना बोअर मारायचीच होती. आम्ही तिथे काही पाण्याने भरलेले आणि काही रिकामे कॅन पुरले. पुरणारी मुलं वेगळी, पाणाड्याबरोबर चालणारी वेगळी, म्हणजे कोणाच्या चेहऱ्यावरून त्याला सुगावा लागायला नको. जवळच्याच गावातले जोमाकाका आले, अनवाणी, भर उन्हात सगळा प्लॉट चालले. नाणं उडवून जितकं बरोबर येईल तितकंच त्यांचं बरोबर आलं. ते जरा खट्टू झाले.

मग मला चेव आला. पोरांना म्हटलं, बघा, नारळ उठत नाही, तळहात कलतो. मनात असतं ते हात करून मोकळा होतो आणि मालकाला पत्ताही नसतो. याला आयडिओमोटर इफेक्ट म्हणतात. हे दाखवायला मीच नारळ घेऊन चालायला लागलो. कुंपणाच्या कोपऱ्यात, जिथे आम्ही काहीच पुरलं नव्हतं, नारळ सरळ उभा राहिला.

पोरं खिदळली, मीही हसलो. म्हटलं, झालं सिद्ध, मला दाखवायचं होतं म्हणून हाताने दाखवलं. पण स्नेहल माझीच विद्यार्थिनी... म्हणाली, सर, मग डोळे बांधून करा. तिने ओढणीने माझे डोळे घट्ट बांधले, मला गरगर फिरवलं आणि दर वेळी वेगळ्या बाजूने सोडलं. दर वेळी नारळ त्याच कोपऱ्यात उठला. मी हात मुद्दाम ताठ धरला, तरी उठला. पण मास्तर ना मी, तोंडाने लेक्चर चालूच ठेवलं.

मग बाकीच्यांना चालवून पाहिलं. कोणाच्याच हातावर काही हललं नाही. जोमाकाकांच्याही नाही. नारळ मला परत देत ते म्हणाले, "मना नाय लागलं, तुमाला लागलं. इथं काय हाय ते तुमीच सांगा."

रात्री जेवताना मी घरी सगळं रंगवून सांगितलं. नारळ कसा उठला, आणि शास्त्र काय म्हणतं. वहिनी वाढता वाढता ऐकत होती.

मामांनी गंमत म्हणून तिथेच बोअरचं मशीन लावलं. माती भुसभुशीत लागली, कारण तिथे एक जुनी विहीर होती, कधीतरी भराव टाकून बुजवलेली. ती मोकळी करू म्हणून त्यांनी जेसीबी बोलावला. भरावात हाडं निघाली. मांडीच्या हाडात स्टीलचा रॉड होता. दादाला अॅक्सिडेंटनंतर तसाच रॉड बसवला होता. त्याचे एक्स-रे मीच कपाटातून काढून पोलिसांना नेऊन दिले, आणि ते जुळले.

जागा कोणी दाखवली, असा प्रश्न आला. स्नेहलने खरं ते सांगितलं. मग सगळा रोख माझ्यावर, आणि साहजिकच आहे, त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. मी त्या प्लॉटवर आधी कधी गेलो नव्हतो. निदान मला तसं आठवतं - आणि आठवणीवर विसंबू नका, हेही मीच शिकवतो.

वहिनी चौकीवर आली. भावाने भावाला हाक मारली साहेब, देवाने जागा दाखवली, असं तिने शांतपणे सांगितलं. माझ्याविरुद्ध दुसरं काही नव्हतंच, त्यात गेलेल्याची बायकोच असं बोलतेय म्हटल्यावर त्यांनी मला जाऊ दिलं. विहीर कोणी बुजवली, दादा तिथे कसा पोचला, आजतागायत कळलेलं नाही.

घरी आल्यावर तिने दार लावलं.

"भाऊजी, नारळ उठत नाही ना? हातच उचलतो, आणि मनात असेल तेच?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

"मग तुमच्या मनात कुठून आलं?"

मग तीच पुढे म्हणाली, "आईंचा दुसराही मुलगा जायला नको, म्हणून चौकीवर तसं बोलले." आणि आत निघून गेली.

तेव्हापासून मी खारघरला वेगळा राहतो. खूप विचार केला, अजूनही करतो. पायाखालची माती मऊ लागली असेल? मग अनवाणी चाललेल्या जोमाकाकांना ती का लागली नाही? दादा कधी त्या जागेबद्दल बोलला असेल? असेलही, पण बांधलेल्या डोळ्यांना कोपरा कसा सापडला? मी दादाला काही केलेलं नाही. हे मी शपथेवर सांगू शकतो, पण शपथ हा काही पुरावा नाही.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा. मला पटलं नाही तरी चालेल, वहिनीला पटेल असं लिहा.