ओल्या फडक्यातली चुनकळी

१२ डिसेंबर १९२७, सोमवार. हजर : मास्तर, मॉनिटर म्हणून मी, बेडसे गावचा तुकाराम आणि इतर नऊ मुलं.

आज, इतक्या वर्षांनी, घर रंगवायला पिंपात चुनकळी भिजवली. पाणी खदखदलं, गरम वास आला आणि लोणावळ्याच्या शाळेतला, वरच्या तारखेचा तो तास आठवला.

प्रयोगासाठी चुनकळी आणायचं काम यादीत मी तुकारामच्या नावावर लिहिलं होतं. ती कोरडीच ठेवायची, हे सांगायचं राहिलं. घरी विड्याची पानं ओल्या फडक्यात ठेवतात, तसं त्याने शाळेच्या दारातल्या रांजणावर फडकं भिजवलं, चुनकळी गुंडाळली आणि मुठीत धरली.

"तुक्या, तुझ्या मुठीतून वाफ निघतेय की!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

"मास्तर, लय पोळतंय," तो म्हणाला. पण सांडू नये म्हणून त्याने मूठ सोडली नाही. ती मास्तरांनी उघडली. तळहाताची कातडी गेली होती.

मी वहीत लिहिलं : चुनकळीत पाणी मिसळल्यास उष्णता बाहेर पडते. तेव्हा ती नोंद मला नीटनेटकी वाटली होती.

तुकाराम पुन्हा शाळेत आला नाही. "त्याला प्रयोग उतरवून दे," मास्तर मला म्हणाले. वही त्याच आठवड्यात उतरवून झाली. बेडशाला पोचवायची अजून राहिली आहे.