शिडी पळवणारा दादा

मंडळी, आज सख्ख्या भावाशी कडाडून भांडले आणि मला अजिबात वाईट वाटत नाहीये.

उन्हाळ्यासाठी मी आईच्या सुती साड्यांची पातळ गोधडी शिवली. मधोमध आमच्या पावस गावच्या बागेतलं आंब्याचं कलम, वर रडणारी मी आणि खाली शिडी घेऊन पळणारा दादा. मी सात वर्षांची असताना त्याने मला असंच अख्खी दुपार झाडावर ठेवलं होतं.

आज दादा मुंबईहून आला. गोधडीचा फोटो काढून लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, ‘बहिणीची माया!’

मी म्हटलं, "माया कसली? नीट बघ, मी रडतेय."

"गंमत होती गो ती! तेवढा शिडीवाला मुलगा उसवून टाक, मी गोधडी घरी नेतो."

"उसवणार नाही. आणि तुला देणारही नाही."

तो तणतणत निघाला. दारात थांबला. "मग त्या दिवशी तुला उतरवलं कोणी?"

"कोणीच नाही. उडी मारली. हात तेव्हाच मोडला. आईला सांगितलं, ओट्यावरून पडले."

इतक्या वर्षांत त्याने हे आज पहिल्यांदा विचारलं. न जेवताच गेला. मी अडवलं नाही.

तुमच्याही घरी छळाला गंमतच म्हणतात का?