खूण नसलेलं पान

परीक्षेला तीन आठवडे उरले तरी सखारामची वही कोरीच होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी बॉयलर हाऊसचा इंजिनिअर होतो. वाफ तयार करणारा बॉयलर सांभाळायला सरकारी सर्टिफिकेट लागतं. त्या परीक्षेसाठी दर रविवारी मी बिरवाडीत आमच्या कामगारांचा क्लास घ्यायचो. तुडीलचा सखाराम दहा वर्षं बॉयलर अटेंडंटच्या हाताखाली राबला होता. या वेळी पास झाला तर अटेंडंटची जागा त्याची, नाहीतर मॅनेजमेंट बाहेरचा माणूस आणणार. एवढं असूनही गडी पुस्तक उघडेना. आळशी म्हणावं, तर शिफ्टला कधी पाच मिनिटं उशीर नाही. मला काही उलगडा होईना.

शेवटी एका रविवारी क्लासमध्येच विचारलं. "सखाराम, वेळ मिळत नाही का?"

"वेळ हाय की, साहेब."

"मग वाचत का नाहीस?"

मीच खुळा असल्यासारखं तो माझ्याकडे बघत राहिला. "तुमी शेवटच्या रविवारी पुस्तकात खुणा करून देता नाय? तेवढंच वाचायचं. आधी सगळं वाचून डोक्याला ताप कशाला?"

मागचे हसले. मीही हसलो, आणि शेवटच्या रविवारी नेहमीप्रमाणे खुणा करून दिल्या. आठवडाभरात सगळ्यांनी ती पानं घडाघडा पाठ केली.

मुंबईला तोंडी परीक्षा होती. सखाराम तोंड पाडून बाहेर आला.

"काय विचारलं?"

"गेज ग्लासात पाणी दिसलं नाय तर काय करशील?"

गेज ग्लास म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी.

"मग?"

"बोललो, पंप चालू करून पाणी देईन."

पाणी संपून आतल्या नळ्या लाल झालेल्या असताना गार पाणी सोडलं, तर बॉयलर फुटू शकतो. आधी आग बंद करायची.

"अरे, एवढं येत नाही तुला?"

"त्या पानावर खूण नव्हती, साहेब."

खरंच नव्हती. बॉयलरपाशी दहा वर्षं काढलेल्याला एवढं येणारच, असं धरून मी ते पान सोडलं होतं.

सखाराम पुढच्या खेपेला पास झाला. पण तोवर बाहेरचा माणूस येऊन बसला होता, तो बसलाच. याची टोचणी मला अजून आहे.

नंतरच्या बॅचला मी खुणा दिल्या नाहीत. दर रविवारी कुठल्याही पानावरचा प्रश्न विचारू लागलो. महिन्याभरात वह्या भरायला लागल्या.

मुलं शेवटच्या आठवड्यापर्यंत अभ्यास का करत नाहीत, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, शिकवतं कोण?