खंदारे काकांचं डिफॉल्ट

खंदारे काका कुणाच्याही दुकानात शिरले की आधी जयभीम घालत, मग पाणी मागत आणि पाणी येईपर्यंत त्या माणसाच्या कॉम्प्युटरचं वाटोळं करून ठेवत. त्यांच्या मते ते कल्याण असे. उघड्या असलेल्या सगळ्या फाइली बंद करायला लावून ते रिकाम्या सॉफ्टवेअरमध्येच अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर आणि हायफनेशन आपल्या मर्जीप्रमाणे बदलत. "फाइल उघडी ठिवून बदललं तर तेवढ्या फाइलीपुरतं ऱ्हातं, ताई. समदं बंद करून बदला. मंग नवी फाइल उघडली का आपलंच राज्य!" आपोआप लागू होणाऱ्या या 'डिफॉल्ट' सेटिंगचं राज्य परभणीतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानापासून पार पोखर्णीच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत पसरलं होतं. प्रजेला अजून पत्ता नव्हता, एवढंच.

काका मूळचे पेडगावचे. सरकारी छापखान्यातून निवृत्त झाल्यावर ते रोज माझ्या दुकानात येऊन बसू लागले. पगार घेत नसत, खुर्ची घेत. दोन शब्दांमधली मोठी फट त्यांना सहन होत नसे. मजकुराच्या दोन्ही कडा सरळ केल्या की ओळीत अशा फटी पडतात. त्यावर काकांचा उपाय म्हणजे ओळीच्या टोकाला शब्द तोडायचा, आडवी रेघ द्यायची आणि उरलेला तुकडा खाली ढकलायचा; हेच ते हायफनेशन. "ओळ कशी पायजे? भिंतीवाणी. फट ऱ्हायली का इच्चू शिरतो." आमच्या एकाही कामात विंचू शिरला नाही, हे मान्य करायलाच हवं. एका सत्कारपत्रात मात्र 'अविस्मरणीय' सेवेतलं 'मरणीय' तेवढं खालच्या ओळीत उतरलं. गिऱ्हाईक भांडायला आलं, तेव्हा काका त्यालाच म्हणाले, "वाचणारानं वरची ओळबी वाचावी की!"

मग शहरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षसाहेबांचा अमृतमहोत्सव आला. स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. साहेबांची थोरवी अशी, की विशेषणं संपली तरी पानं उरली. काकांची सून प्रज्ञा त्याच संस्थेच्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवत होती. जूनमध्ये तिला कायम करू, असा साहेबांनी शब्द दिला होता. त्यामुळे या स्मरणिकेची शेवटची तपासणी काकांनी कुणालाच करू दिली नाही. स्वतः केली.

समारंभाला मंडप भरला होता. सूत्रसंचालकांनी स्मरणिका उघडली आणि भरल्या गळ्यानं वाचायला सुरुवात केली, "साहेब म्हणजे या तालुक्यातल्या गोरगरिबांचे अजात..." इथे पान संपलं. नवी पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांनी बोटाला थुंकी लावली, पान उलटलं आणि त्याच भरल्या गळ्यानं म्हणाले, "शत्रू!"

मग मागून कुणीतरी मनापासून टाळी वाजवली.

"हे कुणी केलं?" साहेबांनी माइकवरूनच विचारलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी तोंड उघडायच्या आत काका उभे राहिले. "शब्द मी तोडलाय, साहेब. ताईचा काय बी दोष न्हाई." एवढ्यावर थांबले असते तर थोर ठरले असते. पण काका थांबणाऱ्यातले नव्हते. "पर तोडला त्यो बरोबर जागी तोडलाय! अजात येगळं, शत्रू येगळं. पानाच्या शेवटाला तोडू नको, असं सांगायची एक खूण असती सेटिंगमधी, ती तेवढी..." कार्यकर्त्यांनी दंड धरून खाली बसवेपर्यंत सबंध तालुक्याला हायफनेशनचं फुकट शिक्षण मिळालं.

जूनमध्ये प्रज्ञाच्या तासिका बंद झाल्या. पटसंख्या घटली म्हणे. फक्त तिच्याच विषयाची.

त्यानंतर एके दिवशी काका दुपार झाली तरी आले नाहीत. आले ते उन्हानं काळवंडून, आणि कॉम्प्युटरकडे न बघता बाकावर बसले. पाठोपाठ प्रज्ञा आली. सकाळपासून काका साहेबांच्या बंगल्याच्या पायरीवर बसून होते, हे तिला शाळेच्या शिपायाकडून कळलं होतं. साहेबांची गाडी निघाली तेव्हा काकांनी हात जोडले. गाडी थांबली नाही.

"बाबा, कशाला गेला होतात?"

"तुझ्या नोकरीपायी, बाई."

"त्या दिवशी मंडपात आम्ही सगळे शिक्षक खाली माना घालून बसलो होतो. मीसुद्धा. तुम्ही एकटे उभे राहिलात. मला लय बरं वाटलं होतं, बाबा. तुम्हाला सांगायचं राहून गेलं. आणि आता त्याच माणसापुढं हात जोडून आलात?"

काकांकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असे, आणि ते लांबलचक असे. या वेळी ते हळूच म्हणाले, "चुकलं माझं." इतकं आखूड वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. प्रज्ञानं पिशवीतून डबा काढला, भाकरी त्यांच्या हातात दिली आणि ते जेवेपर्यंत शेजारी बसून राहिली.

गेल्या वर्षी काका गेले. मी त्यांच्या घरी बसले होते, तेव्हा अध्यक्षसाहेब भेटायला आले. संस्थेची निवडणूक जवळ आली होती, त्यामुळे साहेबांना दुःखही वेळेवर झालं होतं. सोबत फोटो काढणारा होता. "तुमचे सासरे म्हणजे देवमाणूस," साहेब प्रज्ञाला म्हणाले. "उद्यापासून शाळेत या. त्यांच्याकडं बघून घेतो मी तुम्हाला."

प्रज्ञानं चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला.

"त्यांच्याकडं बघून नको, साहेब," ती म्हणाली. "जागेची जाहिरात काढा. मी अर्ज करीन."

फोटोवाल्यानं मोबाइल खाली घेतला. साहेबांना एकदम कुठेतरी जायचं असल्याचं आठवलं आणि ते चहा तसाच ठेवून उठले. तो मग मी प्यायले. चांगला झाला होता.