सेंगाने दिलेला शब्द

"वर नाव नाकातो, आणि खाली लिहिलंय भावंडं नाहीत. साहेब, आपल्याकडचं शेंबडं पोरसुद्धा हसेल याला."

"वाचणारे आपल्याकडचे नाहीत."

"जज्ज तर आपल्याकडचे आहेत ना?"

"जज्जांसमोर रोज फायलींचा ढीग असतो, सेंगाबाई. नावं वाचत बसायला त्यांना वेळ नाही. आणि विचारलंच, तर थोरली उडाली म्हणून सांगायचं."

जुळ्यांतलं एक गेलं तर आम्ही मेलं म्हणत नाही, उडालं म्हणतो. मेलं म्हटलं की उरलेलं दुसरं ते ऐकतं आणि त्याच्या मागे लागतं. जुळ्या मुली असल्या की थोरलीचं नाव बाबिर्ये आणि धाकटीचं नाकातो, हे ठरलेलं. त्यांची आई मग गावाची नालोंगो होते आणि तिला तिच्या जुन्या नावाने कुणी हाक मारत नाही. नुसतं नाकातो म्हटलं की ऐकणारा विचारतो, थोरली कुठे आहे?

सेंगा नालवोगाने दोन्ही तळवे टेबलावर टेकवले. डिरेक्टर कातेन्दे यांच्यासमोर तिला इतक्या जवळ उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. एरवी ती दारातच गुडघे टेकून नमस्कार करायची आणि तिथूनच बोलायची.

"उडालेली नाही ती," ती म्हणाली. "बाबिर्ये घरी आहे. शेळी राखते. जिवंत पोरीला उडाली म्हणू नका साहेब, अंगाशी येतं."

कातेन्दे पेनाचं टोपण फिरवत होते. ते थांबले.

"घरी आहे?"

"मग कुठे असणार?"

"हिच्यासारखीच दिसते?"

"जुळी आहे ती. कुणासारखी दिसणार?"

त्यांनी समोरच्या कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. बसा म्हणाले, चहा घेणार का म्हणाले. मी हजेरीपट घेऊन दाराशी उभी होते. दोन वर्षं मी त्या बालगृहात शिकवत होते. त्या खोलीत आमच्यापैकी कुणाला चहा विचारलेला मी कधी ऐकला नव्हता. नालवोगाला वाटलं, आपलं म्हणणं पटलं. मला तो चहा आवडला नाही.

तो बुधवार होता. शुक्रवारी समुद्रापलीकडचं एक जोडपं मूल दत्तक घ्यायला विमानाने उतरणार होतं आणि सोमवारी मसाकाच्या कोर्टात नाकातोची फाईल निघणार होती. नालवोगाने तिथे उभं राहून दोन वाक्यं सांगायची होती. ही पोर लांबच्या एका नातेवाईक बाईने आमच्याकडे आणून सोडली. हिची चौकशी करायला आजवर कुणी आलेलं नाही.

तिनेच का सांगायचं, तर तिच्या शब्दाला वजन होतं म्हणून. सेंगा म्हणजे बापाची बहीण, आत्या. पोरीला वळण लावायचं, लग्नाआधी चार गोष्टी कानात सांगायच्या, भांडण झालं तर मधे पडायचं, हे सगळं आमच्यात सेंगाने करायचं असतं. नालवोगाला स्वतःचं मूल नव्हतं. पण मसाकापासून पार तळ्याच्या काठापर्यंत निम्म्या गावांत ती सेंगा होती. बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, मागे एका बाजूला पाय सोडून बसून ती यायची. मांडीवर पिशवी, पिशवीत साबणाच्या वड्या आणि केळीच्या पानात बांधलेलं मातोके, म्हणजे उकडलेली कच्ची केळी. अंगणात आल्यावर ती चटईवर गुडघे टेकायची आणि घरातल्या म्हातारीला नवरा, शेळ्या, गुडघेदुखी सगळं विचारून झाल्याशिवाय कामाचं बोलायची नाही. काम एकच असायचं, बालगृहाचं. तुमचं एक मूल आमच्याकडे द्या, शिकवू.

आणि बाया द्यायच्या. यात नवल काही नाही. आमच्यात मूल देतातच. काकाकडे देतात, आजीकडे देतात, शहरातल्या आत्याकडे देतात. नालवोगा स्वतः सहा वर्षांची असताना मित्यानाला आत्याकडे गेली होती. तिकडे भांडी घासली, मार खाल्ला, शाळाही शिकली. ख्रिसमसला घरी आली तेव्हा पायांत बूट होते. बूट चावत होते, पण आईच्या दारात येईपर्यंत आपण ते काढले नाहीत, हे ती प्रत्येक अंगणात सांगायची. दिलेलं मूल सुट्टीला परत येतं, लग्न ठरलं की परत येतं, मयताला परत येतं. त्याचं कूळ बापाचंच राहतं. देणं म्हणजे एवढंच, याबद्दल सांगणारीलाही शंका नव्हती आणि ऐकणारीलाही.

बालगृहातली काही मुलं पुढे परदेशी गेली. नालवोगाच्या लेखी ते मित्यानाच, जरा लांबचं. पहिली दोन वर्षं फोटो आले. बर्फात उभी असलेली मुलं, हातात मोजे. नालवोगा ते फोटो गावोगाव घेऊन फिरली. मग फोटो येणं बंद झालं. बुकूटा गावची एक बाई दर बाजाराच्या दिवशी आमच्या फाटकाशी येऊन उभी राहायची, डोक्यावरची टोपली खाली न ठेवता. एकच विचारायची, तिकडची सुट्टी अजून लागली नाही का? नालवोगा तिला सांगायची, तिकडचं वर्ष मोठं असतं. ती सांगून आली की हात धुवायची. आधी माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. मग यायला लागलं.

गेल्या आठवड्यात तिने नाकातोचा कागद माझ्यापुढे ठेवला. लुगांडातलं बायबल ती अडखळत वाचायची, पण कागद इंग्रजीत होता. वाच, म्हणाली, आणि वगळू नको. मी वाचला. आई मृत. बाप बेपत्ता. भावंडं नाहीत. अंगठा एका दूरच्या नातेवाईक स्त्रीचा, जी मुलीला सांभाळायला असमर्थ आहे. मूल कायमचं नव्या आईबापांचं, जुन्या घराशी संबंध संपला. 'कायमचं' हा शब्द तिने मला तीनदा वाचायला लावला. मग विचारलं, कायमचं म्हणजे लग्नापर्यंत? मी म्हटलं, सेंगा, कायमचं म्हणजे लग्नानंतरही. तिने कागदावरच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. तो अंगठा तिनेच धरून टेकवला होता, नाकातोच्या आईचा, नालोंगोच्या अंगणात, चटईवर.

गुरुवारी सकाळी तिने मला बोलावलं. आपण नालोंगोकडे जातोय, कागद तू वाचायचा, मी वाचला तर तिला वाटेल मी माझ्या पदरचं घालते. डिरेक्टरांना सांगितलंत का, मी विचारलं. त्यांनी तर मला चहा दिला, ती म्हणाली, आणि बोडाबोडावर बसली.

नालोंगोचं घर केळीच्या बागेत आत आहे. नवरा तळ्यावर मासेमारीला गेला तो तिकडचाच झाला. आम्ही पोचलो तेव्हा अंगण झाडलेलं होतं. दारात बाबिर्ये बसली होती, तेल लावून चकचकीत केलेली, निळ्या फुलांचा फ्रॉक घालून. तोच कपडा, तीच शिवण. नाकातो तसाच फ्रॉक घालून बालगृहात आली होती. बाबिर्येच्या पायाशी गाठोडं बांधून ठेवलेलं होतं.

नालोंगो हसत बाहेर आली, गुडघ्यांवर बसली, आणि तिने नालवोगाचे दोन्ही हात धरले.

"सेंगा, तुमचे उपकार कसे फेडू. काल संध्याकाळीच माणूस आला."

"कुठला माणूस?"

"तुमचा ड्रायव्हर, लुबेगा. म्हणाला, डिरेक्टरांना आता कळलंय की जुळी आहे. एकीला नेऊन दुसरीला कसं ठेवायचं? आज गाडी येतेय हिला न्यायला."

नालवोगा मटकन चटईवर बसली. नमस्कारासाठी नव्हे.

नालोंगो बोलतच होती. जुळ्यांना सगळं सारखं द्यावं लागतं. एकीला शेंगा दिल्या तर दुसरीलाही, एकीला मारलं तर दुसरीलाही एक चापट. नाही दिलं तर दोघींपैकी एक रागावते आणि आजारी पडते. नाकातो गेल्यापासून बाबिर्येचा ताप पाठ सोडत नव्हता. हिलाही घ्या असं सेंगाला कसं सांगायचं, माणसाने किती मागायचं, याच विचाराने आपण झुरत होतो. आणि न सांगता सेंगाने ओळखलं.

"मी ओळखलं नाही," नालवोगा म्हणाली. "मी बोलून बसले." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाच."

मी वाचला. इंग्रजीतून एकेक ओळ आपल्या भाषेत सांगत गेले. आई मृत, इथपर्यंत नालोंगो ऐकत होती. पुढचं ती ऐकत होती की नाही, कळलं नाही.

"हे दुसऱ्या कुणाचं असेल," ती म्हणाली.

"तुझंच आहे. खाली तुझा अंगठा आहे."

"मी मेलेय तर अंगठा कुणाचा?"

"लांबच्या नातेवाइकाचा."

नालोंगो हसली. खरंच हसली, तोंडावर हात ठेवून. मग हात तसाच राहिला.

"तुम्हीसुद्धा गेला होतात ना मित्यानाला," ती हळू म्हणाली. "बूट घालून परत आलात. याच दारात बसून सांगितलंत मला."

"मी आत्याकडे गेले होते. हे तसं नाही, हे मला कळलं नव्हतं."

"कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात."

"गेल्या आठवड्यात," नालोंगो म्हणाली. "आणि आलात आज. गाडीच्या दिवशी." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "गावात म्हणतात ते खरं असेल मग. जिची कूस भरली नाही तिला दुसरीच्या पोरी मोजायला आवडतात. मला नाहीत तर कुणालाच नकोत, असं आहे का तुमचं?"

नालवोगाने ते ऐकून घेतलं. मान खाली घातली नाही. ती म्हणाली, असेल, तसंही असेल, पण सोमवारी कोर्टात चल. तू उभी राहिलीस की मेलेली आई कुणी म्हणू शकणार नाही. तिने भिंतीकडे बोट केलं. आत, खुंटीला, झाडाच्या सालीच्या जुन्या कापडात बांधलेली पुरचुंडी टांगलेली होती. जुळ्यांच्या नाळा. सुकवून, मणी लावून, दोन्ही एकत्र. जुळ्यांची आई त्या मरेपर्यंत जपते. ती पुरचुंडी घे, नालवोगा म्हणाली, जज्जाची आजीसुद्धा हे ओळखेल. दुसरा कागद लागणार नाही.

"आणि तुम्ही?"

"मी शेजारी उभी राहीन."

"काय सांगाल?"

"की तुला मी फसवलं. न कळता का होईना, पण मी."

"मलाच फसवलंत, की सगळ्यांना?"

बाबिर्ये फ्रॉकचं बटण चोखत होती. नालोंगोने वाकून तिच्या तोंडातून बटण काढलं, ओलं झालेलं कापड पुसलं.

"बाकीच्यांना सांगून आलात का, सेंगा? बाकीच्या घरांत?"

"नाही. तूच पहिली."

"बाकीच्यांची पोरं गेली म्हणून?"

बाहेर, बागेच्या टोकाला, गाडीचं इंजिन ऐकू आलं. लुबेगाने हॉर्न वाजवला, छोटा, ओळखीच्या माणसासारखा. बाबिर्ये उठून उभी राहिली आणि तिने स्वतःच गाठोडं उचललं.

"ऐक," नालवोगा म्हणाली. आता ती खरोखर गुडघ्यांवर होती. तिच्याहून वीस वर्षांनी लहान बाईसमोर. "हिला आत ठेव, दार लाव. लुबेगाला मी बघते. एक तरी हातात राहू दे."

"एक?" नालोंगो म्हणाली. "तुम्ही आमच्यातल्याच ना, सेंगा? एक इकडे आणि एक समुद्रापलीकडे. किती दिवस काढतील दोघी? राहतील तर दोघी राहतील. जातील तर दोघी जातील. तिसरं काही नसतं."

ती आत गेली. खुंटीवरची पुरचुंडी काढून तिने कमरेच्या कापडात खोचली. बाहेर आली, बाबिर्येचा हात धरला. गाठोडं बाबिर्येने सोडलं नाही, आणि आईने ते सोडायला सांगितलंही नाही. हॉर्न पुन्हा वाजला.

"नालोंगो," नालवोगा म्हणाली, "कुठे निघालीस? तिला परत आणायला, की हिला द्यायला?"

केळीच्या पानांमधून दोन पाठी दिसत होत्या, एक मोठी आणि एक निळ्या फुलांची. नालोंगोने पाऊल हळू केलं नाही, मागे वळून पाहिलं नाही. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.