वाल्मिकचे चार माग

वाल्मिकच्या घोट्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले होते. बमरोलीतल्या कापडाच्या कारखान्यात त्याचे चार माग आता त्याच्या जागी आलेला भगवान चालवत होता. वाल्मिक दुपारी तिथं जाऊन नुसता बसे. तुटलेला धागा जोडायला भगवान मागावर वाकला की त्याचा एक पाय सहज वर उचलला जाई. त्या पायाचा वाल्मिकला फार हेवा वाटे. घरी नुसत्या दुखऱ्या पायावर उभं राहायचा व्यायाम करताना सहापर्यंत मोजलं की त्याला भिंत धरावी लागे.

एकदा भगवान चहाला गेला असताना धागा तुटला. वाल्मिकनं माग थांबवला, वाकून चांगला पाय उचलला आणि गाठ मारूनच खाली टेकवला.

भगवाननं येऊन गाठ चाचपली. "ही तुझी गाठ दिसते, भाऊ."

"माग बी माझाच आहे," वाल्मिक म्हणाला.