डॉक्टरबाईंच्या खोलीला एकच दार

आर्किटेक्टच्या नकाशातल्या माणसांना मुठी नसतात. माझ्या नकाशातली तर सगळी सडपातळ, निवांत, कुणीही आजारी नसलेली. पन्नाशीतली ती मी इतकी हुशार होते की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर देऊन मोकळी व्हायचे. माझी नात आता आर्किटेक्चरच शिकते आहे. मी तिला त्या बाईच्या चुका सांगते आणि ती फार चवीनं ऐकते.

इमारत बाणेरच्या पुढे होती. पुढच्या बाजूला बाह्यरुग्ण विभाग, मागे संशोधनाची प्रयोगशाळा, मध्ये डॉक्टरांच्या खोल्या. मधुमेहाच्या डॉक्टरबाई नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, "मॅडम, माझ्या खोलीला मागे प्रयोगशाळेकडे एक दार द्या."

"तिथे कपाट आहे. सलग, भिंतभर. दार आलं की रेषा तुटते."

"आणि पुढून माणसं चालून आली तर?"

"अहो, पेशंट आहेत. वाघ नव्हेत."

"वाघ एकटा येतो हो," असं म्हणून त्यांनी चहा संपवला आणि उठल्या.

दार दिलं नाही. उलट त्यांच्या एकुलत्या एका दाराला मी काचेची एक उभी पट्टी ठेवली. दिसायला छान.

वर्षभरानं त्यांच्या खोलीत छताला ओल आली म्हणून मी बघायला गेले होते. त्या दिवशी ती माणसं आली. हिंजवडीकडच्या एका म्हाताऱ्यानं मधुमेहाच्या अभ्यासासाठी तीन नळ्या रक्त दिलं होतं, कागदावर अंगठा उठवला होता. दोन दिवसांनी तो घरी हृदयविकारानं गेला. मुलानं फाटकावरची 'संशोधन' ही पाटी वाचली आणि भावकी घेऊन आला.

आधी रखवालदाराला मारलं. त्याचा आवाज आला आणि मग येईनासा झाला. प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या मी एकमेकींना जोडून घेतल्या होत्या, नीट रांगेत राहाव्यात म्हणून. त्यांनी अख्खी रांगच उचलून औषधांच्या खिडकीवर घातली. आम्ही कडी लावली, टेबल दाराशी सरकवलं.

"कुठं हाय ती बाई? आमच्या म्हाताऱ्यावर प्रयोग केला हिनं!"

"फक्त रक्त तपासलं, दादा," डॉक्टरबाई आतून म्हणाल्या. तेव्हाही 'दादा' सुटलं नाही.

"तीन नळ्या काढल्या. माणूस गेला. अजून काय तपासायचं राहिलंय?"

काचेची पट्टी एका लाथेत फुटली. डॉक्टरबाईंनी टेबलाला पाठ लावून पाय रोवले आणि मला म्हणाल्या, "कपाटामागे काय आहे?"

"जिप्सम. पोकळ भिंत."

"मग फोडा."

फायली खाली ओढल्या, फळ्या उचकटल्या, सलाईनच्या स्टँडचा पाया घेऊन मी माझ्याच कपाटाची पाठ आणि माझीच भिंत फोडायला लागले. पलीकडून, प्रयोगशाळेतून, तिथली सिस्टरही काहीतरी हाणत होती. भोक पडलं. आता खरं सांगते, कारण या वयात लाज राखून काय करायचंय: त्यांना विचारलंसुद्धा नाही, आधी मी शिरले. आणि कमरेशी अडकले. पुढून सिस्टर माझे हात ओढतेय, मागे मी भोक बंद करून बसलेली.

तेवढ्यात पट्टीतून हात आत आला. त्यानं डॉक्टरबाईंचं मनगट धरून काचेवरून बाहेर ओढलं, एकदा, दोनदा. त्या ओरडल्या नाहीत. "मॅडम, लवकर," एवढंच.

मी पलीकडे पडले. मागून त्या आल्या. भिंतीच्या पांढऱ्या भुग्यावर रक्ताचा चिखल झाला होता. सिस्टरनं स्वतःची ओढणी त्यांच्या हाताला करकचून बांधली. पोलीस येईपर्यंत आम्ही तिघी रक्ताच्या नमुन्यांच्या शीतपेट्यांमागे बसून पलीकडे त्यांची खोली फुटताना ऐकत होतो.

नस जोडली, पण उजव्या हाताच्या तीन बोटांना स्पर्श कळेना. मधुमेह्याच्या पायाची जखम आधी डॉक्टरच्या बोटांना कळावी लागते. डोळ्यांना उशिरा दिसते. त्यांनी पेशंट बघणं सोडलं.

मी अजून तिथे जाते, साखर तपासायला. परवा माझ्या पुढे एक म्हातारी होती, बऱ्याच वर्षांनी आलेली, चपला काढून बसलेली. "पाय हातात घेऊन बघायच्या त्या बाई कुठं हायत?" तिनं विचारलं.

"त्या आता बघत नाहीत, आजी," सिस्टर म्हणाली.

भिंतीपलीकडे वीस पावलांवर, प्रयोगशाळेत, डॉक्टरबाई डाव्या हातानं नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. म्हातारीनं चपला घातल्या आणि नव्या डॉक्टरांच्या खोलीकडे निघाली.